उन्हात फिरजो नोको

अमरावतीच्या स्टँडवरून परतवाड्याची गाडी सुटायला आली की खिडकीशी उभी असलेली म्हातारी आत बसलेल्या लेकीला जे सांगते, ते साधारण असं असतं : "पोचल्यावर फोन करजो माय. लेकराले उन्हात फिरू देजो नोको. पैसे सांभायजो." त्याच गाडीत, त्याच खिडकीच्या वर, शरीराचा कोणताही भाग बाहेर काढू नये अशी सूचना रंगवलेली असते. दोन्हींचा हेतू एकच, समोरच्याला इजा होऊ नये. पण म्हातारीचं बोलणं लेक मुक्कामापर्यंत मनात घेऊन जाते आणि पाटीकडे कोणी मान वर करूनही पाहत नाही. याचं कारण नुसती माया आणि सरकारी कोरडेपणा एवढंच आहे असं मला वाटत नाही. त्यातला बराच भाग व्याकरणात दडलेला आहे.

प्रमाण मराठीला आज्ञा करायची तर एकच साधं रूप आहे : ये, जा, कर, सांग. वऱ्हाडीत अशी दोन आहेत. 'ये' म्हणजे आत्ता, माझ्यादेखत ये. 'येजो' म्हणजे नंतर, सवडीनं, पण ये. 'दार लाव' म्हटलं की ऐकणारा उठून दार लावतो. 'दार लावजो' म्हटलं तर ते झोपायच्या वेळी लावायचं असतं. समोर मोठं माणूस असलं, किंवा चारचौघं असले, की जोचा जा होतो : येजा, बसजा, कळवजा. नकारही याच रूपाला जोडता येतो : 'कोणाले सांगजो नोको', 'विसरजो नोको'. नकोचा नोको हा इथला उच्चार, जसा काळजीचा 'कायजी', डोळ्याचा 'डोया' आणि हळूचा 'हयू'.

म्हणजे वऱ्हाडी माणसाकडे पुढच्या वेळेसाठी राखून ठेवलेला एक वेगळा आज्ञार्थ आहे. ज्या वेळी ती आज्ञा पाळायची, त्या वेळी सांगणारा तिथं नसणार, हे त्या रूपात धरूनच चाललेलं असतं. आता काळजीचं बोलणं घ्या. ते जवळपास सगळंच अशा वेळेसाठी असतं. समोर असलेल्या पोराला हात धरून ओढता येतं, त्याला सूचनेची गरज नाही. सूचना लागते ती ते नजरेआड झाल्यावरची. म्हणून स्टँडवर, फाट्यावर, रेल्वेच्या डब्याशी, फोन ठेवता ठेवता वऱ्हाडात 'जो'चा पाऊस पडतो : जेवजो, झोपजो, पाणी पेजो, हयू चालवजो, भावाले भेटजो.

हे रूप अडाणी किंवा बिघडलेलं आहे असं शाळेत शिकून आलेली पिढी मानत आली. प्रत्यक्षात त्याची वंशावळ प्रमाण मराठीच्या कित्येक रूपांपेक्षा जुनी आहे. प्राकृतात इच्छा, उपदेश किंवा आशीर्वाद सांगणारी 'एज्ज' छापाची रूपं होती. जुन्या मराठीतली कीजे, जाइजे, न कीजे ही त्यांच्याशी मिळतीजुळती. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी गोळा करून 'लीळाचरित्र' सिद्ध केलं, त्या काळच्या मराठीत ही रूपं सर्रास आढळतात. पुढे पुण्याकडच्या मराठीनं ती टाकून दिली. गुजरातीनं ठेवली, तिथं निरोप घेताना 'आवजो' म्हणतात, आणि त्याचा अर्थ आपल्या 'येजो'हून जराही वेगळा नाही. हिंदीच्या बोलींमध्ये 'जइयो', 'करियो' आहे. रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ उभं राहतंय, तिथल्या अभ्यासकांना हा विषय अंगणातच सापडेल.

आता जरा लांब जाऊ. कुठल्या भाषेत काळजी कशी बोलली जाते हे पाहायचं तर दोन भाषा शेजारी ठेवाव्यात : इंग्रजी, जी मराठीची दूरची का होईना नातलग आहे, आणि हंगेरियन, जी युरोपच्या मध्यावर बोलली जात असली तरी त्या गोतावळ्यातली नाही. तिचे भाऊबंद फिनिश, एस्टोनियन आणि सैबेरियातल्या ओब नदीकाठच्या दोन छोट्या भाषा. त्यामुळे मराठीत आणि हंगेरियनमध्ये एखादी गोष्ट सारखी निघाली, तर ती वारशानं आलेली नसते. माणसाच्या मनानं दोन ठिकाणी स्वतंत्रपणे तीच वाट धरलेली असते.

इंग्रजीतला 'केअर' मुळात दुःखाचा शब्द. जुन्या इंग्रजीत 'कारू' म्हणजे शोक, खंत. 'केअरफुल' म्हणजे खंतावलेला. १६११ सालच्या इंग्रजी बायबलात हा शब्द चिंताग्रस्त याच अर्थानं येतो. दक्षता, जपणूक, शुश्रूषा हे सगळे अर्थ नंतरचे. आज कुरिअरच्या खोक्यावर 'हँडल विथ केअर' छापलेलं असतं तेव्हा त्यात दुःखाचा मागमूस राहिलेला नाही. 'टेक केअर' तर निरोपाचा इतका गुळगुळीत शब्द झालाय की तो म्हणणाऱ्याला खरोखर काही वाटत असेलच असं नाही.

हंगेरियनमध्ये काळजीला 'गोन्द' म्हणतात, आणि त्याच घरातलं क्रियापद 'गोन्दोल' म्हणजे विचार करणे. आपल्याकडे चिंता आणि चिंतन यांचं जे नातं, तेच. बुडापेस्टच्या आणि अकोल्याच्या माणसाला एकमेकांचा एक शब्द कळणार नाही, पण एखादी गोष्ट डोक्यात फिरत राहिली की तिची चिंता होते, हे दोघांच्याही भाषेनं आपापलं नोंदवून ठेवलंय. त्या गोन्दपासूनच हंगेरियनमध्ये दैवी देखभालीसाठी शब्द तयार झाला. त्याचा सरळ अर्थ काळजी वाहणे. आपण देवावर भार टाकतो, ते देवाकडून भार वाहून घेतात. फार फरक नाही.

याहून मला आवडलेलं हंगेरियन क्रियापद आहे 'फेल्त'. 'फेल' म्हणजे भिणे. त्याला त लागला की अर्थ होतो दुसऱ्यासाठी भिणे. 'फेल्तेलेक' या एका शब्दात 'मला तुझी नाही, तुझ्यासाठी भीती वाटते' एवढं सगळं मावतं. मराठीत हे एका शब्दात सांगायची सोय नाही. 'मला तुझी भीती वाटते' म्हटलं तर भलतंच होईल. त्याच शब्दापासून हंगेरियनमध्ये मत्सरी, संशयी नवऱ्यासाठीचं विशेषणही बनलंय, आणि ज्यांनी अति जपणारी माणसं पाहिली आहेत त्यांना ते पटेल.

मराठीनं ही गरज 'जीव'वर भागवली. जीव लावणे, जीव तुटणे, जीव खालीवर होणे, जीव टांगणीला लागणे, जीव भांड्यात पडणे. वऱ्हाडात 'लेकरासाठी जीव तुटते' म्हणतात, आणि पोर घरी आल्यावर 'आता जिवाले बरं वाटलं'. मात्र रोजच्या बोलण्यात काम करतो तो 'काळजी' हाच शब्द, जो ऐकताना काळीज आठवल्याशिवाय राहत नाही. त्याची गंमत अशी की तो एकटा काही सांगतच नाही, क्रियापद बदललं की सगळं बदलतं. काळजी करणे म्हणजे नुसतं झुरणे. काळजी घेणे म्हणजे उठून काम करणे : औषध देणे, पाय चेपणे, डबा पोचवणे. काळजी वाटणे हे आपल्या हातात नसतं. म्हणून "काळजी करू नको, काळजी घे" हे वाक्य मराठीत सहज बोललं जातं आणि कोणाला त्यात विसंगती दिसत नाही. करणाऱ्यापेक्षा घेणारा मोठा, असा निवाडाच भाषेनं दिलाय.

तरीही निरोप घेताना नुसतं 'काळजी घे' म्हणायची पद्धत माझ्या कानाला नवी वाटते. ती 'टेक केअर'ची सावली आहे. आधीची माणसं 'जपून जा', 'सांभाळून राहा', 'तब्येतीला जप' म्हणायची. यातला 'सांभाळ' मोठ्या कामाचा आहे. 'सांभाळ!' म्हटलं तर तो इशारा, 'मूल सांभाळ' म्हटलं तर ती जबाबदारी, 'सांभाळून जा' म्हटलं तर तो निरोप. हंगेरियनमध्ये अगदी याच तीन कामांना एकच क्रियापद आहे : 'विद्याझ'. पोराला गाडीपासून वाचवायला ओरडायचं तर विद्याझ, शेजारणीकडे पोर सोपवायचं तर विद्याझ, आणि निरोपाला 'विद्याझ मॉगॉद्रॉ', म्हणजे स्वतःला सांभाळ. बुडापेस्टच्या मेट्रोत दारं मिटण्यापूर्वी प्रवाशांना बजावलं जातं तेही याच क्रियापदानं, फक्त आदरार्थी रूपात, कारण तिथंही तू आणि तुम्ही वेगळे आहेत. ब्रिटिश इंग्रजीत 'माइंड' हा शब्द बराचसा असा वागतो. 'माइंड द बेबी' म्हणजे पोराकडे बघ, आणि लंडनच्या भुयारी रेल्वेत १९६०च्या दशकाअखेरीपासून 'माइंड द गॅप' ऐकू येतंय.

विद्याझचं आणखी एक काम आहे आणि ते ऐकून वऱ्हाडातला कुठलाही शाळकरी पोरगा हसेल. हंगेरियन सैन्यात आणि शाळेच्या कवायतीत ताठ उभं राहायचा हुकूम 'विद्याझ!' असा असतो आणि सैल व्हायचा 'पिहेन्य!', म्हणजे विसावा घे. सावधान, विश्राम. शब्दशः तेच. आपल्याकडे सावधान मंगलाष्टकांनंतरही म्हणतात, आणि तो ऐकून बोहल्यावरून पळालेल्या रामदासांची आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. इतर सगळ्यांनी तो शब्द फक्त अक्षता टाकायची खूण म्हणून ऐकला.

म्हणींमध्ये तिन्ही भाषा एकमेकींच्या फार जवळ येतात, त्यामुळे तिथं रेंगाळण्यात अर्थ नाही. इंग्रजीत नंतर पस्तावण्यापेक्षा आधी जपलेलं बरं, अशा अर्थाची म्हण आहे. हंगेरियन म्हणतो, दचकण्यापेक्षा भिऊन राहिलेलं बरं. दुधानं तोंड पोळल्यावर आपण ताक फुंकून पितो. हंगेरियन माणसाला साप चावला की तो पालीसरड्यांच्या जातीलाही भितो. हयू चाल, लांब पोचशील, हेही त्यांच्याकडे जसंच्या तसं आहे.

वऱ्हाडी काळजीचा खरा स्वभाव म्हणींत सापडत नाही, तो रागावण्यात सापडतो. "मरतं का बे उन्हात?" हे वाक्य बापानं पोराला म्हटलेलं असतं, आणि मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या पुढे गेलेला असताना त्याचा अर्थ 'डोक्याला दुपट्टा बांध' एवढाच असतो. "पडशीन ना, भैताडा!" यात पडशील हा भविष्यकाळ आहे, पण सांगणारा भविष्य वर्तवत नाही, ते घडू नये म्हणून आधीच बोलून टाकतो. "ऊन लागन", "तब्येत बिघडन", "गाडी चुकन" : नुसतं होणारं सांगायचं आणि काय करायचं ते ऐकणाऱ्यानं ओळखायचं. हुकूम दिला तर पोरगा हुज्जत घालेल, परिणाम सांगितला तर हुज्जतीला जागा उरत नाही. माणूस परका असला तर याच सूचना फार मऊ होतात. "भाऊ, जरा सावलीत बसजा."

हाक मारण्याची तऱ्हाही काळजीत मिसळलेली असते. आई लेकीला 'माय' म्हणते, म्हातारा नातवाला 'बाप्पा' म्हणतो. नात्याची दिशाच उलटी होते, आणि ज्याला जपायचं त्यालाच जपणाऱ्याचं नाव दिलं जातं. याला जुना आधार आहे. चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू रिद्धपूरला राहत. त्यांच्या चरित्रात गावकरी त्यांनाच आई आणि त्यांनाच बाप म्हणताना दिसतात. अॅन फेल्डहाउस यांनी १९८४ साली या चरित्राचं इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलं. घरोघरी जाऊन बायकांची अडलेली कामं करणारा तो अवलिया आई ठरावा यात नवल नाही. आजही वऱ्हाडात अनोळखी पोरीला बसमध्ये जागा करून देताना म्हातारा 'बस माय' म्हणतो. बायकांशी बोलताना 'वं', पुरुषांशी 'गा', बरोबरीच्या दोस्ताशी 'बे'; ही अक्षरं लागली की तेच वाक्य सल्ला होतं, किंवा लाड होतो, किंवा भांडण.

उद्धव शेळके यांची 'धग' १९६० साली आली तेव्हा मराठी वाचकाला ही भाषा कादंबरीच्या पानावर एवढ्या ताकदीनं प्रथमच भेटली. तिची नायिका कौतिक नवऱ्याला, पोरांना सांभाळत राहते, पण ती माया शब्दांत फार कमी उतरते. ती कामात दिसते, कष्टात दिसते, आणि बोलण्यात उमटते ती चिडचिड होऊन. शहरातल्या काही वाचकांना ती कडवट वाटते. त्यांना 'मी तुझ्यावर प्रेम करते' या छापाचं मराठी कानावर पडायची सवय झालेली असते, जे कौतिकच्या घरात कोणी कधी बोललं नसेल.

गाडगेबाबांनी या बोलीतल्या इशाऱ्याचा सार्वजनिक उपयोग केला. जन्म अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावचा, १८७६चा. देह ठेवला १९५६ साली, अमरावतीजवळ. कर्ज काढू नका, दारू पिऊ नका, देवापुढे जनावर मारू नका, पोरांना शाळेत घाला, हा त्यांचा उपदेश. पण बाबा तो उपदेश म्हणून क्वचितच सांगत. ते प्रश्न विचारत आणि श्रोत्यांकडून हो-नाही वदवून घेत. कीर्तनाचं ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळतं. त्यात लोकांचा हुंकार बाबांच्या आवाजाइतकाच स्पष्ट आहे. ज्याला सावध करायचं त्याच्याच तोंडून धोका उच्चारून घ्यायचा, ही युक्ती कुठल्याही जाहिरात संस्थेला अजून नीट जमलेली नाही.

सरकारी सावधगिरीचं व्याकरण याच्या बरोबर उलट आहे. 'काढू नये', 'द्यावे', 'घ्यावी', 'टाळावे'. या विध्यर्थात कोणी बोलत नाही आणि कोणाशीही बोललं जात नाही. प्रवाशांनी आपल्या सामानाची काळजी घ्यावी, हे वाक्य मला उद्देशून आहे असं बडनेऱ्याच्या फलाटावर उभ्या असलेल्या कुणालाच वाटत नाही, कारण प्रत्येकाच्या लेखी 'प्रवासी' म्हणजे बाकीचे लोक. सरकारला ही अडचण जाणवली असावी. करोनाच्या साथीत सप्टेंबर २०२०मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम निघाली आणि फेब्रुवारी २०२१मध्ये 'मी जबाबदार'. त्याच फेब्रुवारीत दुसऱ्या लाटेचे पहिले चटके अमरावतीला आणि अकोल्याला बसले होते. अमरावतीत टाळेबंदी पुन्हा लागली तेव्हा देशाचा बराच भाग निर्धास्त होता. 'घ्यावी'वरून 'मी'वर आलेली ही उडी व्याकरण म्हणून मोठी होती. पण तिच्यातही मधला माणूस गायबच राहिला. कोण कोणाला सांगतंय? आधी कोणीच नव्हतं, आता मीच मला सांगायचं.

ही चर्चा नुसती शब्दांची वाटत असेल तर कीटकनाशकाचा डबा हातात घेऊन पाहावा. भारतात कीटकनाशकांच्या वेष्टनावर एका टोकावर उभा केलेला चौकोन छापावा लागतो. १९७१च्या नियमांनी तो ठरवून दिलाय. खालच्या अर्ध्या भागाचा रंग विषाची तीव्रता सांगतो : लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. वरच्या अर्ध्या भागात इशाऱ्याचा शब्द. लालवर कवटी, हाडं आणि 'पॉयझन', पिवळ्यावर 'पॉयझन', निळ्यावर 'डेंजर', हिरव्यावर 'कॉशन'. म्हणजे विष, विष, धोका, सावध. इंग्रजी शब्दांची ही उतरंड इंग्रजी जाणणाऱ्याला लगेच कळते. पण सिग्नलचा हिरवा पाहिलेल्या माणसाला हिरवा म्हणजे 'चालते' असं वाटलं तर त्याचा काय दोष? तोही विषाचाच हिरवा आहे, फक्त कमी. आत घडी घालून ठेवलेलं माहितीपत्रक अनेक भाषांत असतं, अक्षरं मुंगीएवढी. आणि या सगळ्यावर वऱ्हाडातला शेतकरी, दुकानदार, मजूर एकमुखानं त्या द्रव्याला म्हणतात 'औषध'. औषध आणलं, औषध मारलं, औषध संपलं. पिकाच्या बाजूनं पाहिलं तर बरोबर आहे. पण ज्या शब्दाशी बरं होणं जोडलेलं, तोच विषाला लावल्यावर 'पॉयझन'चं काम आधीच अर्धं फसलेलं असतं.

२०१७च्या पावसाळ्यात याची किंमत मोजावी लागली. यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले, शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. शेजारच्या जिल्ह्यांतूनही अशाच बातम्या आल्या. कारणं एक नव्हती. त्या साली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती, त्यामुळे फवारा खाली पडायच्या ऐवजी मारणाऱ्याच्या तोंडावर येत होता. किडीला आवर बसेना म्हणून दोन-तीन औषधं एकत्र करून मारली जात होती. बॅटरीवरच्या नव्या पंपातून फवारा बारीक आणि जोरात निघत होता. पावसाळी दमट उकाड्यात अंगभर रबरी पोशाख घालणं अशक्य, तो मिळत असला तरी. कपडे भिजलेले, कातडीवाटे विष आत.

सेंद्रिय फॉस्फरसच्या गटातली कीटकनाशकं शरीरातलं एक महत्त्वाचं विकर अडवतात. नस स्नायूला 'हाल' असा निरोप रसायनातून देते, आणि हे विकर तो निरोप मिळाल्यावर पुसून टाकत असतं. पुसणाराच अडला की निरोप वाजतच राहतो. लाळ, अश्रू, घाम थांबत नाहीत, बाहुली बारीक होते, स्नायू फडफडतात, श्वास कोंडतो. सुरुवातीची लक्षणं, डोकेदुखी, मळमळ, डोळ्यापुढे धूसर, ही ऊन लागल्यासारखीच असल्यानं बरेच जण घरी जाऊन पडून राहतात.

कृषी खात्यानं आणि विद्यापीठांनी यावर सूचना काढल्या, त्या योग्यच आहेत : वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारणी करू नये, उपाशीपोटी फवारणी करू नये, तोंडाने नोझल फुंकू नये. आता त्याच सूचना शेजाऱ्याच्या तोंडून ऐकून बघा. "वाऱ्याच्या तोंडावर फवारा मारजो नोको. उपाशी जाजो नोको. नोझल बसलं तं तोंडानं फुंकजो नोको बाप्पा, तार घालजो. हात धुतल्याबिगर खर्रा खाजो नोको." मजकूर तोच, वर खर्ऱ्याची, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाची भर, जी मुंबईत बसून लिहिणाऱ्याला सुचणार नाही. आकाशवाणीच्या शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमांत बोली वापरायची जुनी रीत आहेच; ती डब्यावरच्या कागदापर्यंत मात्र आलेली नाही, त्यात लिहिणाऱ्याचा संकोचही आहे.

मात्र इथंच या बोलीचीही एक मर्यादा उघडी पडते. 'जो' म्हणायला म्हणणारं माणूस लागतं, आणि त्याला धोक्याची जात माहीत असावी लागते. म्हातारीला ऊन ठाऊक आहे, घाटातलं वळण ठाऊक आहे, साप ठाऊक आहे. टाकीत सकाळी कोणी कोणती तीन औषधं कालवली हे तिला ठाऊक नाही. रोजानं फवारणीला गेलेल्या तिच्या पोरालाही ते बहुधा कोणी सांगितलेलं नसतं. मिश्रण करणारा वेगळा, मारणारा वेगळा. घरून निघताना 'सांभायजो' ऐकलेलं असलं, तरी काय सांभाळायचं ते डब्यावर राहतं आणि डबा बांधावर राहतो.

म्हणून फवारणीच्या दिवसांत एक सूचना मालकानं, मुकादमानं, औषध विकणाऱ्यानं मजुराला तोंडी द्यायला हवी : "गरगरलं तं डबा संगं घेऊन दवाखान्यात जाजो." सेंद्रिय फॉस्फरसवर अॅट्रोपिन चालतं आणि वेळेत दिलं तर माणूस वाचू शकतो. सगळ्याच कीटकनाशकांवर असा उतारा नाही, काहींवर नुसते उपचार करत राहावं लागतं. समोर बेशुद्ध पडलेल्या माणसाच्या पोटात, कातडीत कुठलं विष गेलंय हे डॉक्टरला त्याच्या चेहऱ्यावरून पूर्ण कळत नाही. डब्यावरचं नाव वाचून कळतं.